मी बंद पाडलेला रिफंड

लोकांचा अडकलेला रिफंड सोडवून आणणं हा माझा धंदा होता, आणि त्याच धंद्यात एका माणसाचा सुखरूप येणारा रिफंड मी स्वतःच्या अकलेनं बंद पाडला. बंद पाडून वर पेढ्यांची वाट बघत बसले. त्या रिफंडातून इगतपुरीत त्याच्या बहिणीच्या खोलीचं वर्षाचं भाडं जात होतं. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. आणि विचारलं नव्हतं, कारण त्या वयात मला सगळं विचारायच्या आधीच कळत असे.

त्या वयात म्हणजे चाळिशीत. कोवळी होते, चुकलं, असं म्हणायची सोयसुद्धा नाही.

माझं आडनाव पगार. हसायचं तर हसून घ्या. आमच्या कळवणकडं हे आडनाव दगड मारावा तिथं सापडतं. पण नाशकात रविवार कारंजावर, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाच्या डोक्यावरच्या खोलीत 'सौ. पगार, आयकर सल्लागार' अशी पाटी लागली, तेव्हा खालचा घड्याळजी म्हणाला, "वहिनी, नाव पगार आणि धंदा पगारातून कापलेलं परत आणायचा. देवानं पत्रिका जुळवून पाठवलंय तुम्हाला." मला ते फार आवडलं. दोन दिवस मी ते येईल त्याला सांगत होते.

धंदा काय, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नोकरदार माणसाच्या पगारातून सरकार दर महिन्याला अंदाजानं कर कापून घेतं. वर्ष संपलं की जुलैअखेर खरा हिशेब द्यायचा असतो, त्याला रिटर्न म्हणायचं. कापलेलं जास्त झालं असेल तर सरकार परत देतं, तो रिफंड. कमी पडलं असेल तर आपण उरलेलं भरायचं. कर दोन्हीकडं तेवढाच. जो रिफंड घेतो त्यानं आधीच जास्त दिलेलं असतं, जो भरतो त्यानं ते पैसे वर्षभर वापरलेले असतात. पण हे तुम्ही माणसाला समजावून दाखवा! रिफंड निघाला की माणूस सासऱ्यानं घड्याळ दिल्यासारखा जिना उतरायचा, आणि पाचशे भरायचे निघाले की म्हणायचा, "मागच्या वर्षी ज्यांच्याकडं जात होतो ना, त्यांनी रिफंड काढून दिला होता." जणू मी माझ्या पर्समधून देत नव्हते.

आता माझा नातू मोबाईलवर अंगठा फिरवतो आणि रिफंड खात्यात येऊन पडतो. तेव्हा तो चेकनं यायचा, टपालानं, कधी दिवाळीला, कधी पुढच्या दिवाळीला. मध्ये त्याचा कागद कुठल्या टेबलावर झोपला आहे ते शोधून त्याला उठवायला मी आयकर कार्यालयात खेपा घालायचे. म्हणून चेक आला की लोक पेढे आणायचे. तो रिवाजच होता.

पैसा एकच, पण पगारातून आला तर त्याचं नातं वेगळं आणि रिफंडातून आला तर वेगळं, हे मला खरं तर एका माणसानं आधीच शिकवलं होतं. मखमलाबादचे एक फुलंवाले होते, गुलाब आणि शेवंती करायचे. त्यांची मुलगी शिक्षिका. मार्चअखेर तिचा कर जास्त कापला गेला, मे महिन्यात लग्न झालं, आणि चेक आला नोव्हेंबरात. गृहस्थ शेवंतीची परडी घेऊन जिना चढून आले.

"बाई, एक सांगा. पोरीनं काम केलं आमच्या घरी असताना. चेक आला ती सासरी गेल्यावर. मग ह्यो पैसा माहेरचा का सासरचा?"

"मुलीचा," मी म्हणाले.

"ते झालं. पण माहेरचा का सासरचा?"

"दादा, चेकवर तिचं नाव आहे."

"नाव तर लग्नात बदललं ना तिचं," ते म्हणाले, आणि शेवंती ठेवून विचार करत उतरून गेले.

मी हा किस्सा पुढं कितीतरी वर्षं हसून सांगितला. त्या माणसाला जे दिसलं होतं ते मला दिसलं नाही. चारचौघांच्या घरात पगार हा सगळ्यांचा असतो. त्याची वाट सगळे बघतात, त्याचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. रिफंड मात्र आडवाटेनं येतो. कधीकधी माणसाच्या साऱ्या कमाईत तेवढीच रक्कम त्याची स्वतःची असते.

आता माझा तोरा सांगते. मला रिफंड आवडत नसे. म्हणजे दुसऱ्याच्या हातून झालेल्या गोंधळाचा रिफंड मी सोडवून आणायचे, पण मला भूषण वाटायचं ते शून्याचं. घ्यायचं काही नाही, द्यायचं काही नाही. मी म्हणायचे, रिफंड म्हणजे वर्षभर सरकारला हातउसने द्यायचे आणि परत मिळाले की टाळ्या वाजवायच्या. जुलैच्या गर्दीत कुणाच्या रिटर्नला बरोबर शून्य आलं की मी पेन खाली ठेवून खुर्चीला टेकून बसायचे, गवयानं समेवर यावं तशी. आमचे हे म्हणायचे, "तुला शून्य मिळाल्यावर इतका आनंद होतो, तर शाळेत मजाच असेल."

तर निकम गार्ड.

एकनाथ निकम, मनमाडचे, मालगाडीवर गार्ड. मनमाड ते इगतपुरी त्यांची ड्यूटी. उंच, थोडे वाकलेले, बोलण्याच्या आधी रुमालानं तोंड पुसायची सवय. मनमाडला त्यांचं एकत्र घर होतं. थोरले भाऊ अण्णा, त्यांचं कुटुंब, ह्यांचं कुटुंब. त्या घरात रीत अशी की पगार रोख मिळायचा तो पाकीट न फोडता, पगाराच्या चिठ्ठीसकट, अण्णांच्या हातात द्यायचा. निकमांना मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी रीत तीच. विमा, बचतपत्रं, सगळं अण्णाच त्यांच्या नावावर घ्यायचे आणि पावत्या ह्यांच्याकडं द्यायचे, "कराला लागतील."

ह्या पावत्या ऑफिसात दाखवल्या असत्या तर निकमांचा कर जवळजवळ कापलाच गेला नसता. पण ते दाखवायचे नाहीत. ऑफिस पूर्ण कर कापायचं. मग जुलैत ते पावत्या घेऊन माझ्याकडं यायचे आणि आठ-नऊ हजारांचा रिफंड निघायचा. चेक माझ्या पत्त्यावर मागवायचे.

"घरच्या पत्त्यावर का नको?" मी एकदा विचारलं होतं.

"घरी पोस्टमन सगळं अण्णाच्या हातात देतो, ताई."

एवढं उत्तर कुणालाही पुरलं असतं. मलाही पुरलं, पण भलतीकडं. माझे दुसरे एक अशील होते, साळवे ड्रायव्हर, त्याच मार्गावरचे. ते डोळा बारीक करून म्हणाले होते, "निकमची गाडी इगतपुरीला थांबली ना, की प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला एक बाई डबा घेऊन उभी राहते." आणि दिवाळीनंतर एकदा खुद्द मी निकमांना मेन रोडवर लुगडं घेताना पाहिलं. हिरवं, बारीक काठाचं, नऊवारी. झालं, माझा तपास पुरा झाला. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "गार्डसाहेबांची दुसरी गाडी इगतपुरीला उभी असते."

आज विचार करते, नऊवारी! कुठला आशिक नऊवारी लुगडं घेतो हो? एवढी हुशार मी, लोकांच्या पावत्यांतली तारीख खोडलेली ओळखायचे, आणि एवढं कळलं नाही.

पुढच्या जानेवारीत साळवे भुसावळच्या पगार ऑफिसला निघाले होते. जाताना माझ्याकडं काही कागदासाठी आले. माझ्यासमोर निकमांची फाईल होती आणि तीत त्यांच्या सहीचे दोन कोरे कागद होते. असे सही केलेले कोरे कागद आम्ही सगळ्यांकडूनच घेऊन ठेवायचो. चूकच ते, पण मनमाडचा माणूस एका सहीसाठी पुन्हा नाशिकला कुठं येणार? मी त्यातला एक काढला, वर सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला की माझी बचत अमुकअमुक आहे, तरी यापुढं कर कापू नये आणि आधी कापलेला पगारात वळता करावा. पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या. साळव्यांच्या हातात दिल्या. त्या बिचाऱ्या बायकोच्या घरात दोन पैसे जास्त जातील, असंही मनात आलं. धर्मकृत्य आणि शून्य, दोन्ही एका कागदात.

जुलैत निकम आले. मी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"निकम, यंदा पेढे द्यायला पाहिजेत तुम्ही. भरायचं काही नाही, घ्यायचं काही नाही. शून्य!"

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "म्हंजी चेक कवा येईल?"

"चेक कशाचा? कर कापलाच नाही. फेब्रुवारी-मार्चच्या पगारात जास्त आले असतील बघा."

"आलते," ते म्हणाले. "अण्णा म्हनले, सरकारनं वाढ दिली वाटतं. पुढच्या खोलीला फरशी टाकली त्यातून."

"मग? केवढं बरं झालं."

"हां. बरं झालं." थोडा वेळ ते माझ्या टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडं बघत होते. मग म्हणाले, "ताई, हे पयल्यासारखं करता येतं का?"

मी हसले. आणि मग माझं हातउसन्याचं कीर्तन सुरू झालं. सरकारला फुकट पैसे वापरायला देणं, व्याजाचं नुकसान, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बरोबर हाय तुमचं. पन आजपासून परत कापायला लावलं, तर?"

"तरी ते पैसे पुढच्या जुलैत दाखवायचे, आणि चेक त्यानंतरच्या दिवाळीला."

"म्हंजी ह्या दिवाळीला नाय."

"नाही."

"बरं," ते म्हणाले. माझी फी मोजून ठेवली आणि जिना उतरले. पेढे आणले नव्हतेच. मी घड्याळजीला वरून ओरडून सांगितलं, "बघा, भलं करायचे दिवस राहिले नाहीत."

ती दिवाळी गेली. निकमांची मला आठवणही आली नाही. पुढच्या जुलैत ते आले तेव्हा खोलीत दोन-तीन माणसं बसलेली होती. मी कामात होते, खुशीत होते, आणि जीभ माझी कधीच कह्यात नव्हती. त्यांना बघून म्हणाले, "या, या. मागच्या वर्षी पेढे बुडवलेत. का सगळे पैसे इगतपुरीला संपले? डबा कसा काय म्हणतोय?"

बसलेल्यांपैकी एक जण हसला.

निकम म्हणाले, "डबा बंद झाला, ताई." आणि बाकावर बसून आपली पाळी यायची वाट बघत राहिले.

त्यांची पाळी आली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी फॉर्म पुढं केला आणि म्हणाले, "ते बचतीचे कागद यंदा ऑफिसात नका पाठवू. माझी सही हाय, पन मला इचारा."

मी विचारलं, का? पहिल्यांदा विचारलं.

आक्का त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा एकनाथला तिनंच वाढवलं. तिला नांदगावकडं दिली होती. नवरा मारायचा. ती माहेरी यायची आणि अण्णा तिला परत पोचवून यायचे. शेवटी एकदा ती माहेरी न येता परस्पर इगतपुरीला गेली आणि चार घरचा स्वयंपाक करून राहू लागली. नवरा सोडलेल्या बहिणीचं नाव घरात निघालं तर माझं मेलेलं तोंड बघाल, असं अण्णा बोलले. घरात मग कुणी नाव काढलं नाही. पुढं तिच्या हाताची बोटं आखडली, कामं सुटली. दोन घरचं जमेल तेवढं करायची. खाण्यापुरतं निघायचं, भाडं निघायचं नाही. घरमालकीण वर्षाचं एकदम घ्यायची, दिवाळीनंतर. ते निकम रिफंडातून द्यायचे.

"बायकोला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"लुगडं तीच सांगायची, कसलं आनायचं ते. पापड करून द्यायची, मी ड्यूटीच्या पेटीतून न्यायचो. अण्णाला तेवढं नव्हतं ठाऊक."

"अहो, मग पगारातले थोडे काढून ठेवायचे."

"पाकिटासोबत चिठ्ठी असते ना, ताई."

"सोसायटीचं कर्ज?"

"त्याची कापनी चिठ्ठीवर येती."

"कुणाकडून उसने?"

"मागितले एकदोघांला. त्यांचीबी पोरं-बाळं हायेत." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "आक्काला म्हनलो, चेक ऑफिसात अडकलाय, येईल. खोटंच. तिनं मला न्हाऊ-माखू घातलंय, तिला काय कळत नाय? म्हनली, येईल रे, तू नको जीव काढू. डबा आनत राहिली. मग एक दिवस गाडी थांबली, तर टोकाला कुनी नाय. मला वाटलं ताप आला असंल. परतीच्या फेरीला बी नाय."

हे पौष महिन्यात झालं होतं. तेव्हापासून आक्काचा पत्ता नव्हता. खोली रिकामी झाल्याचं स्टेशनवर कुणी सांगितलं, पण भाडं थकलेलं असताना घरमालकिणीपुढं जायचा निकमांना धीर झाला नव्हता.

मी सांगितलं त्यांना. तो अर्ज मी लिहिला, तुमच्या कोऱ्या सहीवर, तुम्हाला न विचारता. त्यांना ते ठाऊकच होतं. साळव्यांनी केव्हाच सांगितलं होतं. ठाऊक असूनच त्या माणसानं मागच्या जुलैत माझं कीर्तन ऐकून घेतलं होतं आणि फी मोजून ठेवली होती.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर इगतपुरीला गेले. ह्यांनी म्हटलं, "तू जाऊन काय करणार?" ते मलाही माहीत नव्हतं. स्टेशनच्या वरच्या अंगाला, चढावर, पत्र्याच्या चार खोल्यांची चाळ होती. पाऊस असा की घरमालकिणीला ओरडून बोलावं लागत होतं. तिनं आम्हाला आत घेतलं, चहा ठेवला. वाईट बाई नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

"मी काय काढली नाय तिला," ती आपण होऊनच म्हणाली. "एवढंच म्हनले, आक्का, दिवाळी झाली, तुमचा भाऊ दरसाल येतो, यंदा नाय आला. ती म्हनली, येईल. मंग संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली, तवा परत इचारलं. माझंबी पोट हाय ना बाई त्याच्यावर. तवा काय बोलली नाय. दुसऱ्या दिशी बघते तर खोली सारवून मोकळी. लय मानी बाई."

"भांडीकुंडी नेली?" मी विचारलं.

"भांडी माझ्या दारात घासून मांडलेली. म्हनली, राहिलेल्या भाड्यात धरा. मी म्हनले, आक्का, असं कुठं असतं का. पन ऐकती का ती? एक गठुडं घेऊन गेली."

"कुठं?"

"नाय सांगितलं." मग ती निकमांकडं वळली. "तुमच्यासाठी म्हनली, एकनाथला म्हनावं, डब्याची वाट बघत नको बसू, गाडीत बसून खाऊन घेत जा."

निकमांनी मान हलवली. फडताळात एक पितळी डबा उपडा घालून ठेवलेला होता. घरमालकिणीनं तो काढून त्यांच्यापुढं केला. त्यांनी तो हातात घेतला, झाकण उघडून पाहिलं, लावलं, आणि परत तिच्याकडं दिला. "तुमच्याकडंच राहू द्या. ती आली तर हितंच येईल."

चहा देताना बाईनं मला विचारलं, "तुम्ही कोन यांच्या?"

मी कपबशी हातात घेतली. निकमच म्हणाले, "आमच्या ताई हायेत. चेक आनून द्यायच्या."

येताना गाडीत मी त्यांना म्हणाले, वर्षाचं भाडं मी देते, जिथं असेल तिथं. ते म्हणाले, आधी सापडू तर द्या.

आक्का सापडली नाही. मी शोधलं. माझ्याकडं जुलैत येणारे निम्मे लोक रेल्वेचे, त्यांना सांगून ठेवलं: नऊवारी, बुटकी, उजव्या हाताची बोटं मिटलेली. कसारा, देवळाली, नांदगाव, कुठून कुठून निरोप यायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, पंचवटीत एका धर्मशाळेत अशी बाई भांडी घासते. मी आणि निकम धावत गेलो. ती बाई मागं वळली आणि निकमांनी काढलेल्या वहाणा परत पायात घातल्या. दुसऱ्या एका वर्षी घोटीच्या बाजारात कुणी पाहिल्याचं कळलं. ते निकम एकटेच बघून आले. मला कळवायला वर आले नाहीत, खाली घड्याळजीकडं सांगून गेले, "ताईंना म्हनावं, नव्हती."

निकमांचे बचतीचे कागद मी पुन्हा कधी ऑफिसात पाठवले नाहीत. पूर्ण कर कापला जायचा, जुलैत रिटर्न, दिवाळीच्या आगेमागे चेक. मी तो त्यांच्या हातात ठेवायचे, ते नाशकातल्या बँकेत भरायचे आणि मनमाडला जायचे. त्यातलं काही काढल्याचं मी ऐकलं नाही. त्यांच्याकडून फी घ्यायची नाही असं मी ठरवलं होतं. पहिल्याच वर्षी ते म्हणाले, "फी घ्या ताई, नायतर मला दुसरीकडं जावं लागंल." घेतली. कोरे कागदही मी सगळ्यांचे फाडून टाकले होते. त्यावरून काही अशील रागावून गेले, की एका सहीसाठी ही बाई खेपा घालायला लावते. गेले तर गेले.

शून्याचं माझं वेडही हळूहळू सुटलं. कुणी रिफंडवाला आला की मी आधी विचारायचे, चेक कुठल्या पत्त्यावर पाठवायचा? लोकांना वाटायचं मी विसरभोळी झाले, दर वर्षी तेच विचारते. त्यातल्या एखाद्याचं उत्तर यायला जरा वेळ लागायचा. मग मी पुढं काही न विचारता सांगेल तो पत्ता लिहायचे. एका बाईनं माझाच सांगितला, तोही लिहिला.

पुढं काही वर्षांनी अण्णा गेले. त्या जुलैत निकम आले तेव्हा डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. तेही आता निवृत्तीला टेकले होते. मी त्यांना पाणी दिलं. शेवटी अण्णा कसे होते, काय झालं, विचारलं. बोलता बोलता ते म्हणाले, शेवटच्या आठवड्यात अण्णा दोनदा म्हणाले होते, "शांता कुठं असते आता?" शांता म्हणजे आक्का. घरात इतक्या वर्षांनी ते नाव निघालं, आणि सांगायला कुणाकडं काही नव्हतं.

मी म्हणाले, "निकम, आता पाकीट तुमच्याच हातात राहणार. कुणापासून काही लपवायचं राहिलं नाही. दर वर्षी चेकची वाट बघणं, खेपा, कशाला? शेवटचं वर्ष आहे नोकरीचं. यंदा बचत ऑफिसात दाखवून टाका, महिन्याच्या महिन्याला मिळेल." आणि अर्ज लिहून, सहीची जागा कोरी ठेवून, त्यांच्यापुढं सरकवला.

त्यांनी चष्मा लावला. सगळा वाचला, सावकाश, ओठ हलवत. मग दुमडून माझ्याकडं परत केला आणि म्हणाले,

"राहू द्या, ताई. जास्तच कापू द्या. आक्का कवा आली, तर तिकडं भाडं एकदम वर्षाचं द्यावं लागतं."